आधी छतावर चढ

अरे, तुम्ही दोघांनी जुना कॅम्पर ट्रेलर घेतल्याचं ऐकून फार आनंद झाला. फोनवर तू गाद्यांच्या खोळी, पडदे, भिंतींचा रंग यांबद्दल भरभरून बोललास. ते सगळं सावकाश होईल. आधी छतावर चढ. चाकं, ब्रेक, बेअरिंग पैसे टाकले की बदलून मिळतात. पाण्याने खाल्लेला सांगाडा तसा बदलून मिळत नाही. आमच्या हातून एक ट्रेलर जवळजवळ गेला होता, म्हणून इतकं जीव तोडून सांगते आहे.

तो १९ फुटी होता, १९८४ सालचा. इथे मिशिगनमध्ये आम्ही तो १९९७ साली घेतला. विकणारा म्हणाला, आत कधी थेंब आला नाही. मागच्या भिंतीला तेवढा ताजा रंग होता. पुढच्या उन्हाळ्यात मागच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा लाल दिवा लागेना, म्हणून मी त्याचा स्क्रू काढायला गेले. स्क्रूड्रायव्हर लावावाच लागला नाही. दोन बोटांत धरून ओढला, तर सुळकन बाहेर आला. गंजून नारिंगी झालेला, आणि आट्यांमध्ये लाकूड अडकलेलं, भिजवलेल्या पोह्यांसारखं. बोटांत चुरडलं तर पाणी सुटलं. आतलं प्लायवूड उचकटलं, तेव्हा त्या दिव्यापासून पार खाटेखालच्या जमिनीपर्यंत कोपऱ्यातलं लाकूड काळं पडलेलं होतं. ताजा रंग कशासाठी दिला होता ते तेव्हा कळलं.

त्या काळचे बरेचसे ट्रेलर एकाच पद्धतीने बांधलेले असतात. बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लायवूड आणि मध्ये फायबरग्लासचा कापूस. इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास असे ट्रेलर ढिगाने बनले. पाणी शिरलं की हा कापूस ते धरून ठेवतो आणि शेजारच्या लाकडाला महिनोन्‌महिने पाजत राहतो. बाहेरचा पत्रा मात्र चकचकीतच दिसतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नकोस. बंद ट्रेलरचं दार उघडलं की पहिला श्वास नीट घे. कुबट वास आला तर ओल आहेच, ती कुठे आहे एवढंच शोधायचं. कोपऱ्यांत, खिडक्यांखाली, कपाटांच्या आत अंगठ्याने दाबत जा. प्लायवूड मऊ लागलं, पोपडा आला, कागद सुटला, की तिथे खूण कर. लाकडातली ओल मोजायचं दोन टाचण्यांचं मीटर ३०-४० डॉलरला मिळतं, ते घेच. आकडा २० टक्क्यांच्या वर गेला तर ते लाकूड कुजण्याच्या वाटेवर आहे असं धर.

खूण सापडली म्हणजे भोक सापडलं असं मात्र नाही. माझे आजोबा मे महिन्यात कोकणातल्या घराची शाकारणी करून घ्यायचे. फुटकं कौल गळतं त्याच्या डोक्यावर कधीच नसतं, असं ते गड्यांना बजावत. पाणी वाशावरून वाहत येतं आणि गाठ लागली की तिथे टपकतं. भर दुपारी ते माळ्यावर जात, खालचं झापड लावून घेत आणि अंधारात कवडसे शोधत. ट्रेलरला माळा नाही, कवडसेही दिसणार नाहीत, म्हणून बागेतली नळी घ्यायची. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. सुरुवात खालून करायची: आधी खिडकीची खालची कड, दहा मिनिटं, मग बाजू, मग वरची कड, मग छताची शिवण. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. मोठ्या दुकानांत छताच्या झरोक्यात पंखा बसवून आत हवा भरतात आणि बाहेरून साबणाचं पाणी फवारतात. जिथे बुडबुडे, तिथे फट. जुना ट्रेलर घेतल्यावर एकदा तरी हे करून घ्यावं असं माझं मत आहे.

आता खरा कानमंत्र. फटीवर वरून काही फासू नकोस. आमच्या ट्रेलरचं पहिलं काम आम्ही एका दुरुस्तीच्या दुकानात दिलं, तर त्यांनी सगळ्या कोपऱ्यांवरून सिलिकोनची जाड रेघ ओढून दिली. दिसायला छान. ट्रेलर रस्त्यावर सतत हलतो, वाकतो. वर्षभरात ती रेघ एका कडेने सुटली आणि आत आलेलं पाणी बाहेर पडायची वाटही तिने बंद केली. शिवाय सिलिकोनवर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकोनसुद्धा नाही. ते खरवडून काढायला मला दोन शनिवार-रविवार लागले.

पाणी अडतं ते पत्रा आणि त्यावरची पट्टी यांच्या मधल्या थरामुळे. कारखान्यात तिथे लांबीसारखी पुट्टी भरलेली असते. तीस-चाळीस वर्षांत ती वाळते आणि बिस्किटासारखी तुटते. तीच बदलायची. कोपऱ्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत एक प्लास्टिकची फीत बसवलेली असते, ती ओढून काढ. उन्हाने आखडून ती टोकांना अपुरी पडलेली असेल आणि तिथले स्क्रू उघडे पडलेले असतील. बहुतेकदा पाणी तिथूनच शिरतं. सगळे स्क्रू काढ, पट्टी हलक्या हाताने सोडव. जुनी पुट्टी प्लास्टिकच्या पात्याने खरवड, पत्रा मिनरल स्पिरिटने पुसून कोरडा कर. लाकूड ओलं असेल तर इथेच थांब, पंखा लावून पूर्ण वाळू दे. दहा दिवस लागले तर लागू देत. ओल आत कोंडून वरून बंद केलंस तर सगळी मेहनत वाया. कुजलेला तुकडा कापून नवा जोड.

मग ब्युटिल टेप लाव. करड्या रंगाची, चिकणमातीसारखी मऊ, गुंडाळीत मिळते. इंचभर रुंदीची घे. पट्टीच्या मागे सलग बसव, मध्ये सांधा शक्यतो नको. नवे स्टेनलेसचे स्क्रू वापर. भोक सैल झालं असेल तर गोंद लावलेली लाकडी काडी ठोकून मग स्क्रू पिळ. मध्यापासून दोन्ही टोकांकडे आवळत जा. कडेने ब्युटिल बाहेर आलं पाहिजे, सगळीकडून सारखं. दुसऱ्या दिवशी ऊन लागल्यावर ते आणखी बसतं, तेव्हा परत एकदा आवळ आणि बाहेर आलेलं प्लास्टिकच्या सुरीने काप. नवी फीत घाल. खिडक्या, दिवे, दार, ऑनिंगची लांब पट्टी, सगळ्यांना हीच रीत. एका दिवसात एकच कोपरा झाला तरी चालेल.

छतावर वेगळा मसाला लागतो. तुझं छत रबराचं असेल तर झरोके, नळ्या आणि कडांभोवती आपोआप पसरून सपाट होणारं सीलंट घाल. डायकॉरचं आम्ही वर्षानुवर्षं वापरलं. उभ्या कडेला मात्र न ओघळणारं घे, दोन्ही प्रकार मिळतात. रबर धुवायला भांड्यांचा सौम्य साबण आणि पाणी पुरे. पेट्रोलियमचा अंश असलेलं काही लावलंस तर रबर फुगतं. छतावर उभा राहू नकोस, प्लायवूडची फळी टाकून तिच्यावर गुडघे टेक, म्हणजे वजन वाटलं जातं. एसीखाली १४ इंच लांब-रुंद चौकोनी भोक असतं, त्याभोवतीचा स्पंजचा गॅस्केट दबून चपटा झाला की गळतो. आतून चार बोल्ट सारखे आवळ, पण पार पिळून काढू नकोस.

एक जागा अशी आहे की जी कधीच बुजवायची नाही. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. रुळात साठलेलं पाणी तिथून बाहेर जातं. फट समजून लोक ती भरून टाकतात आणि मग खिडकी आतल्या बाजूने ओसंडते. दात कोरायच्या काडीने ती मोकळी करत जा.

पाणी आतूनही तयार होतं, ते विसरू नका. एक किलो प्रोपेन जळालं की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. त्यात तुमचा कुकर, चहा आणि रात्रभर दोघांचा श्वास. बाहेर गारठा असला की ही वाफ खिडक्यांवर, गादीखाली, कपाटांच्या मागे पाणी होऊन बसते आणि तुम्ही छताला दोष देत बसता. शेगडी पेटली की झरोका उघडा आणि पंखा चालू, थंडीत सुद्धा. रात्री कुणी नळ सोडलेला नसताना पाण्याचा पंप मधूनच घुर्र करून थांबला, तर कुठेतरी नळीचा सांधा गळतो आहे. अंथरुणातून उठून तेव्हाच शोध. आम्ही एकदा सकाळवर टाकलं आणि सिंकखालची फळी फुगली.

हिवाळ्याआधी नळ्या, टाकी, गीझर पूर्ण रिकामे कर. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि नळी चिरते. वसंतात पाणी सोडलं की मग भिंतीच्या पोटात गळती सुरू. उरल्यासुरल्यासाठी ट्रेलरचं गुलाबी अँटिफ्रीझ घाल, गाडीचं नाही, ते विषारी असतं. वरून निळी ताडपत्री बांधू नकोस. वाऱ्याने ती छताला घासते आणि खाली ओल कोंडते. हवा खेळणारं आच्छादन घे. उघडी का होईना, एखादी शेड मिळाली तर त्याहून चांगलं काही नाही. ट्रेलर उभा करताना एक बाजू किंचित उंच ठेव, म्हणजे छतावर पाणी तुंबत नाही.

छताची पाहणी वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, वहीत तारीख घालून. एका पाहणीला तास-दीड तास लागतो. आमच्या त्या ट्रेलरने त्यानंतर आणखी १६ वर्षं आम्हाला लेक सुपीरियरच्या काठाने फिरवलं, आणि विकताना मागच्या कोपऱ्याचा आकडा ११ टक्के होता.

या शनिवारी ऊन असेल तर शिडी काढा. एकाने चढायचं, दुसऱ्याने शिडी धरायची; सूनबाईला चढायचं असेल तर तू धर. सुरुवात मागच्या कोपऱ्यातल्या लाल दिव्यापासून करा. स्क्रू दोन बोटांत निघाला, तर पडद्यांचं कापड आणायच्या आधी मला फोन कर.