सिंकखालचा प्लाय कोणता?

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत राहतो. ओट्याखालची कपाटं मी घरीच करणार आहे. एमआर प्लाय स्वस्त पडतो. चालेल का?

उत्तर : वरच्या कपाटांना चालून जाईल, ओट्याखाली मुळीच नको. कोकणातल्या पावसाळी दमटपणात तो फुगतो, थर सुटतात. तिथे आयएसआय शिक्का आणि आयएस 710 हा क्रमांक असलेला बीडब्ल्यूपी प्लायच घ्या. त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. सांगाड्याला 18 मिमी, पाठीला 6 मिमी पुरेसा.

पण खरा घात होतो तो कडांवर. लॅमिनेट पृष्ठभागाला लागतं, करवतीने कापलेली कड उघडीच राहते आणि पाणी तिथूनच शिरतं. प्रत्येक कडेला एजबँड लावा. पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडाही प्रायमर आणि रंगाने बंद करा. सुतारही हे बरेचदा विसरतात.

कपाट फरशीवर टेकवू नका, 4 इंची पीव्हीसी पायांवर उभं करा. खाली झाडता-पुसता येईल, वाळवीही वेळीच दिसेल. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, खाऱ्या हवेत साध्या लवकर गंजतात. आणि प्लाय कापण्याआधी सिंकची गळती नक्की तपासा.