नातीच्या पेटीविषयी

भूम, जि. धाराशिव
१५ मार्च

चि. बाळू यास,

नातीसाठी पेटी स्वतःच्या हातानं करायची म्हणतोस आणि लाकूडही आपल्या जुन्या घरातलंच हवं म्हणतोस. वाचून फार बरं वाटलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी-सास्तूर भुईला मिळालं, तेव्हापासून आपल्याकडं माळवदाखाली निजायला माणसं धजेनात. कितीतरी घरांची माती उतरली आणि वर पत्रे आले. आपलंही तेव्हाच उतरवलं. तुळया मात्र मी कुणाला दिल्या नाहीत, गोठ्यात आडव्या रचून ठेवल्यात. तुळया सागाच्या, वरच्या किलच्या लिंबाच्या. इतकं मुरलेलं लाकूड आज वखारीत शोधून सापडायचं नाही.

तू पाठवलेला नकाशा नीट पाहिला. इंचभर जाड फळ्या, झाकणावर कोरीव वेल, पितळी कोपरे आणि आपोआप लागणारं कुलूप. बाळू, ही सगळी आजोबाची हौस झाली. पेटी उघडणार आहे चार वर्षांची पोर. तेव्हा आधी तिचे हात, तिची बोटं, तिचं डोकं यांचा विचार कर.

ते कुलूप तर अजिबात नको. अमेरिकेत लेन नावाच्या कंपनीच्या लाकडी पेट्या घरोघरी होत्या. झाकण मिटलं की खटका आपोआप अडकायचा आणि आतून उघडायचा नाही. आत शिरलेली मुलं गुदमरून गेली. शेवटी १९९६ मध्ये कंपनीला १९१२ ते १९८७ या काळात केलेल्या सुमारे १ कोटी २० लाख पेट्यांचे खटके बदलून देण्याची मोहीम काढावी लागली. म्हणून कडी नको, कोयंडाही नको. मूल पेटीत शिरणारच, हे धरूनच पेटी करायची. दोन्ही बाजूच्या फळ्यांना वरच्या अंगाला हवेची भोकं पाड. मागच्या फळीला पाडशील तर पेटी भिंतीला लागली की ती बुजतील. पुढच्या फळीची वरची कड मधोमध थोडी खोलगट घे, म्हणजे झाकण मिटलं तरी तिथं बोटं चेंगरणार नाहीत.

झाकणाला साखळी लावली की झालं, असं तुला वाटतंय. साखळीनं झाकण मागं पडायचं थांबतं, पुढं डोक्यावर आदळायचं थांबत नाही. उघडं झाकण हात सोडला तिथंच थांबेल असा आधार बाजारात मिळतो. झाकणाच्या वजनाला पेलेल असा बघून घे, तिथं काटकसर करू नकोस. आणि झाकण अर्ध्या इंचाचंच ठेव.

आता लाकडाचं. आपली हवा कोरडी, तुझं ठाणं पावसाळ्यात ओलं. सागासारखं शांत लाकूड दुसरं नाही, तरी फूटभर रुंदीची फळी त्या ओलीनं दोन ते चार मिलिमीटर फुगते. लांबीत ती जवळपास हलत नाही, रुंदीतच हलते. तिला हलायला जागा दिली नाहीस तर ती फुटेल, नाहीतर सांधा उचकटेल. तळ चारी बाजूंनी खोबणीत सोड, त्याला सरस लावू नकोस. तळाला लिंबाच्या किलच्याच वापर. लिंबाच्या कडूपणामुळं कीड सहसा धरत नाही. झाकणाखालच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूची भोकं लांबट पाड. चारी कोपऱ्यांना मात्र सरस आणि डव्हटेल सांधा. हा सांधा पहिल्या खेपेला जमत नाही. टाकाऊ लाकडावर हात बसेपर्यंत करत राहा, मगच तुळईच्या फळीला पटाशी लाव.

रंधा धरण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरव. जुन्या खिळ्यांची डोकी आत मोडून बसलेली असतात, एका फटक्यात रंध्याचं पातं जातं. जुन्या दाराच्या निळ्या फळ्याही तू मागितल्यास. त्या मी देणार नाही. घरगुती रंगातल्या शिशाला आपल्याकडं ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. ते दार त्याच्या कितीतरी आधीचं. तो रंग घासला की धूळ उडते, आणि ज्या घरात पोर रांगली-खेळली त्या घरात ती नको.

बाहेरून जवसाच्या तेलाचा हात दे, पण उकळलेलं तेल घे. घाण्याचं कच्चं तेल वाळायला आठवडे लागतात. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकशील तर आपसूक पेट घेतील. त्या उघड्यावर पसरून वाळव. आतून तेल लावू नकोस, बंद पेटीत वास कोंडून राहतो. चपडा लाखेचा एक पातळ हात पुरे. कोरीव वेल करायचाच असेल तर झाकण सोडून पुढच्या फळीवर कर, उथळ, बोट फिरवलं तर टोचणार नाही असा.

मृगाच्या आधी ये. अख्खी तुळई नेऊ नकोस, इथंच चिरून घेऊ; कुठली बाजू फाटलेली आहे ते मला ठाऊक आहे. फळ्या नेल्यावर मध्ये काड्या घालून महिनाभर तुझ्या घरात रचून ठेव, त्या हवेला लागू देत, मग कामाला लाग. टेम्पोचं मी विचारून ठेवतो, तू फक्त दिवस कळव.

सूनबाईंना व नातीला आशीर्वाद.

तुझा,
काका