बरणीच्या तळाचा खार

प्रश्न : कैरीचं लोणचं संपलं, की बरणीत वाटीभर खार उरतो. टाकवत नाही. त्यातच नव्या फोडी घातल्या तर चालतील का?
– एक वाचक, ब्राह्मणपुरी (ता. शहादा)

उत्तर : टाकू तर नकाच. कैरीचा आंबटपणा, मीठ, मोहरी, मेथी सगळं त्या खारातच उतरलेलं असतं. कळण्याच्या भाकरीबरोबर, वर थोडं कच्चं तेल घालून, तो नुसताही फार छान लागतो. भरल्या वांग्यांच्या मसाल्यात चमचाभर कालवा. मग मीठ बेतानंच घाला. वरणात घालायचा तर डाळ शिजल्यावरच, कारण आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही.

वर्षभराच्या लोणच्यासाठी मात्र हा खार पुन्हा वापरू नये. ताज्या फोडींना पाणी सुटतं, मिठाचा जोर कमी होतो आणि बुरशी धरते. हौस असेल तर गाजराचे किंवा हिरव्या मिरचीचे कोरडे पुसलेले तुकडे थोडेच घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. बुरशी दिसली तर वरची काढून उरलेला खाऊ नका, सगळा टाका. घरात कुणाला रक्तदाब असेल, तर त्यांच्या ताटात हा खार वाढू नका.