शब्द-सूचना आणि गावची बातमी

डिचोली तालुक्यातील साखळी येथे वडिलार्जित जमीन असून बेळगाव, मुंबई वा त्याहून दूर वास्तव्य करणाऱ्या सहहक्कदारांस गावच्या बातमीचे मोल विशेष असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १५ नुसार प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांच्या आत हरकत नोंदवावयाची असते. अधिसूचना राजपत्रात, त्या भागातील दोन दैनिकांत आणि शासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. तथापि परगावी ती दृष्टीस पडेलच असे नाही.

अशा प्रसंगी गूगलची ‘अलर्ट्स’ ही विनामूल्य सेवा उपयोगी पडते. तिच्या पानावरील रकान्यात हवा तो शब्द लिहिला, म्हणजे तो शब्द असलेला नवा मजकूर आढळताच त्याचा दुवा ई-मेलने येतो. सूचना दिवसातून एकदा यावी की तत्काळ, हे ठरविता येते. लहान गावासाठी ‘सर्व निकाल’ हा पर्याय घ्यावा व भाषेचे बंधन ठेवू नये.

खरी मेहनत आहे ती शब्दाच्या निवडीत. नुसते ‘साखळी’ लिहिल्यास साखळी सामने, साखळी उपोषण आणि सोनसाखळीच्या चोऱ्या यांचाच भरणा व्हावयाचा. म्हणून ‘साखळी भूसंपादन’, ‘साखळी डिचोली’ अशी जोडी द्यावी. नको असलेल्या शब्दास लागून आधी उणे चिन्ह लिहिल्यास तो असलेला मजकूर वगळला जातो. परंतु ‘उपोषण’ वगळणाऱ्यास साखळीतच कोणी उपोषणास बसले तरी कळणार नाही, हेही ध्यानात असावे.

मराठीत नामास प्रत्यय जोडून लागतो. बातमीत ‘साखळीत’, ‘साखळीतील’, ‘पेडण्यात’, ‘म्हापशात’ अशी रूपे येतात आणि शोधयंत्र ती मूळ नावाशी जुळवील याचा भरवसा नाही. रोमन लिपीत तर गोव्यातील गावांची नावे पोर्तुगीज वळणाची : डिचोलीचे ‘बिचोलिम’, पेडण्याचे ‘पेर्नेम’, साखळीचे ‘सांकेलीम’. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी झाले, तरी जुने नाव लिहिणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक रूपासाठी स्वतंत्र सूचना नोंदविणे हाच यावर सोपा उपाय होय. त्यास पाच-दहा मिनिटे लागतात.

कागदाचे छायाचित्र काढून चढविलेले राजपत्र अथवा वृत्तपत्राचे पान मात्र या जाळ्यातून निसटू शकते, कारण यंत्रास तेथे वाचण्याजोगी अक्षरेच नसतात. गावातील एखाद्या नातलगाने पालिकेचा वा पंचायतीचा सूचना फलक अधूनमधून पाहावा, ही जुनी व्यवस्था त्यामुळे मोडू नये.