भोक आधी, भिंत नंतर

प्रश्न : बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी असते. त्याच सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांत एकसारखी भोकं पाडून औषध भरतात म्हणे. इतकी बारीक भोकं पाडतात तरी कशानं?

उत्तर : पाडतच नाहीत. दोन-तीन नॅनोमीटरचं गिरमिट आणणार कुठून? इथे भोकाची जागा आधी ठरते, सिलिका तिच्याभोवती नंतर जमते. पितळी मूर्ती ओतताना मेणावर माती लिंपून मग मेण वितळवून काढतात, तशातलंच हे. मेणाच्या जागी असतं सीटॅब नावाचं साबणासारखं रसायन. त्याचे भाऊबंद केसांच्या कंडिशनरमध्ये सापडतात. पाण्यात त्याचे रेणू तेलकट शेपट्या आत आणि धनभारित डोकी बाहेर करून एकत्र येतात. अल्कलीयुक्त पाण्यात टीईओएस हा सिलिकॉनयुक्त द्रव घातला, की त्यातून तयार होणारी ऋणभारित सिलिका या रेणूंच्या जुड्यांना बिलगते आणि त्या कांड्यांसारख्या षट्कोनी मांडणीत रचल्या जातात. मग सुमारे ५५० अंश सेल्सिअसला भाजायचं. सीटॅब जळून जातं, उरतात सरळ, एकसारख्या नळ्या. पुडीतल्या जेललाही छिद्रं असतात, पण वेडीवाकडी, लहानमोठी.

अमेरिकेतल्या 'मोबिल' या तेल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ साली असा पदार्थ जाहीर केला, नाव एमसीएम-४१. एका ग्रॅममध्ये भिंतींचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! तेलशुद्धीत वापरात असलेल्या झिओलाइट या स्फटिकी पदार्थाच्या छिद्रांत न मावणारे खनिज तेलातले मोठे रेणू इथे तोडता येतील, ही आशा होती. पण या भिंती स्फटिकी नसतात आणि गरम वाफेत ढासळतात, त्यामुळे तेलशुद्धीत झिओलाइटची गादी कायम राहिली.

औषधाची वाट २००१ मध्ये माद्रिदला उघडली. मारिया व्हालेत-रेखी यांच्या गटानं नळ्यांत आयबुप्रोफेन भरून ते हळूहळू सोडवून दाखवलं. कर्करोगाच्या पेशीवर नेम धरून जाणाऱ्या कणांच्या बातम्या फार येतात. मला मात्र त्याहून साधा उपयोग जास्त खात्रीचा वाटतो. पाण्यात सहज न विरघळणारं औषध अरुंद नळीत अडकलं, की त्याला स्फटिक बांधायला जागा उरत नाही आणि ते लवकर विरघळतं.

दगडखाणीतल्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिसची शंका मनात आली असेल, तर तो आजार स्फटिकी सिलिका फुप्फुसात गेल्यानं होतो. ही सिलिका अस्फटिकी. शरीरात ती हळूहळू विरघळून सिलिसिक आम्ल बनते आणि लघवीवाटे जाते. तरीही तिची कोरडी पूड हाताळताना मास्क लावतातच.