अमानत संगणकावरची : लिनक्स वापरणाऱ्यांसाठी काही धडे

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत संगणकाचा विषय कशाला, असे आमच्या काही वडीलधाऱ्या सभासदांना वाटेल. त्यांची शंका रास्त आहे. परंतु थोडा विचार केला तर विषय परका नाही हे ध्यानात येईल. शिष्यवृत्तीचे अर्ज, जकातीचा हिशेब, ग्रंथालयाची नोंदवही, सभांची इतिवृत्ते या सर्व नोंदी म्हणजे समाजाने संस्थेच्या हाती सोपविलेली अमानत होय. पूर्वी ती लोखंडी कपाटात असे, आज ती संगणकात आहे. कागदाला लागलेली वाळवी डोळ्यांना दिसते. संगणकाचे बिघडणे मात्र एके दिवशी सकाळी अकस्मात कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहो. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या नोंदी सांभाळण्याचे काम आमच्याकडे होते. त्यांची दुसरी प्रत आम्ही काढून ठेवली होती खरी, पण ती त्याच डिस्कवर, फक्त वेगळ्या फोल्डरमध्ये! जूनमध्ये डिस्क बंद पडली आणि मूळ व प्रत दोन्ही एकदमच गेल्या. अर्जदारांना पुन्हा कागद आणावयास सांगावे लागले. निपाणीकडच्या एका खेड्यातून एक विधवा भगिनी विड्या वळण्याची त्या दिवसाची मजुरी बुडवून, तेच दाखले घेऊन दुसऱ्यांदा आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मान आमचीच खाली गेली. त्या दिवशी शिकलेले धडे पुढे देत आहो.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र व आपली कामे यांच्यामध्ये एक कारभारी प्रणाली लागते. विंडोज ही त्यांपैकी एक. लिनक्स ही दुसरी, आणि ती मुक्त आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. वापरावी, अभ्यासावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी अशी प्रणाली सर्वांना मिळावी, हा त्यांचा हेतू. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. दोन्हींच्या मिलाफातून आजची लिनक्स प्रणाली उभी राहिली. डेबियन (१९९३), उबुंटू (२००४) व लिनक्स मिंट (२००६) ही तिची प्रचलित रूपे होत. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेनेही डेबियनच्या पायावर 'बॉस' नावाची प्रणाली २००७ साली दिली.

आपल्या दृष्टीने हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि संस्थांना दान म्हणून मिळणारे अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असे यंत्र भंगारात काढण्यापूर्वी त्यावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप असलेली लिनक्स घालून पाहावी. आधी पेनड्राईव्हवरून नुसती चालवून पाहता येते, त्याने डिस्कवरील मजकुरास धक्का लागत नाही. उबुंटूची 'एलटीएस' आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते व तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. संस्थेने तीच घ्यावी. नव्याच्या हौसेने दर सहा महिन्यांनी प्रणाली बदलणे हे कार्यालयाचे काम नव्हे.

तीन लिप्यांचा प्रांत

बेळगाव-निपाणी भागातल्या संस्थेला मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही लिप्या रोज लागतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. म्हणून नवे सर्व लेखन युनिकोडमध्येच करावे व जुन्या फाईली हळूहळू त्यात आणाव्या. 'लोहित' या नावाचे मुक्त फॉन्ट भारतीय लिप्यांसाठी आहेत. ते रेड हॅट या कंपनीने दिले, आणि लोहित म्हणजे तांबडा, ही त्या नावातली गंमत. मराठीसाठी मुंबईच्या एक टाईप मंडळींचा 'मुक्त' फॉन्टही सुबक आहे. उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक' घालावा. 'आयबस' या साधनाने एकाच कीबोर्डवरून तिन्ही भाषा लिहिता येतात.

शिक्षक या नात्याने येथे एक बारकावा सांगितल्यावाचून राहवत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' बोलावले तर व्याख्यान होईल, 'आचाऱ्यांना' बोलावले तर जेवण! इनस्क्रिप्ट कीबोर्डवर साधा 'र', मग हलन्त, मग 'य' दाबला तर रफार येतो. 'दऱ्या' लिहावयाचे तर शिफ्टसह 'जे'ची कळ दाबून नुक्त्याचा 'ऱ' घ्यावा, मग हलन्त व 'य'. हाच आकार दुसऱ्या एका मार्गानेही उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकास ते वेगळे असतात, म्हणून नाव शोधले असता सापडत नाही. उर्दूतही तेच घडते. अरबी कीबोर्डवरील 'ये' व 'काफ' ही अक्षरे उर्दूच्या 'ये' व 'काफ'हून संगणकाच्या लेखी निराळी आहेत. सबब नोंदी करणाऱ्या सर्वांनी एकच कीबोर्डपद्धती ठरवून घ्यावी. नाहीतर गरजूचा अर्ज यादीत असूनही 'नाही' म्हणून परत जाईल.

कोणी काय वाचावे

उजव्या हाताने दिलेले डाव्या हातास कळू नये, अशी दानाची रीत आहे. कोणत्या घरास मदत गेली हे कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकास दिसता कामा नये. लिनक्समध्ये यासाठी मुळातच सोय आहे. प्रत्येक फाईलीला मालक, गट व इतर असे तीन वर्ग असतात. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे २, चालविण्याचा १, अशी बेरीज करावी. फाईलीस ६४० हा आकडा दिला की मालक वाचतो व लिहितो (४+२), गट केवळ वाचतो (४), इतरांना काहीच नाही (०). फोल्डरला ७५० द्यावे, कारण फोल्डरच्या बाबतीत तो १ म्हणजे आत शिरण्याची परवानगी. शिष्यवृत्ती समितीचा एक गट करावा व त्यात तिचेच सदस्य ठेवावे. काही अडले की सर्वांना ७७७ देऊन मोकळे होण्याची सवय पुष्कळांस असते. ती म्हणजे किल्ली हरवली म्हणून दारच काढून ठेवणे होय.

एवढे करूनही यंत्रच चोरीस गेले तर डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून वाचता येते. म्हणून प्रणाली घालतानाच संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडावा, आणि त्याचा परवलीचा शब्द दोन विश्वस्तांकडे लिफाफ्यात ठेवावा.

छोटा सर्व्हर

एखादा जुना संगणक कोपऱ्यात ठेवून त्यालाच सर्व्हर करता येते. 'सांबा' या साधनाने विंडोज व लिनक्स दोन्ही यंत्रांना त्यावरील फोल्डर उघडता येतात. पथ्ये थोडीच आहेत. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप लागतील अशी 'अनअटेंडेड अपग्रेड्स'ची सोय चालू ठेवावी. दुरून सर्व्हरवर काम करण्यास 'एसएसएच' वापरावे व पासवर्डाऐवजी किल्लीची जोडी करावी. पासवर्डाचे दार बंद करण्यापूर्वी पहिली खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत शिरता येते की नाही ते पाहावे. 'यूएफडब्ल्यू' ही संरक्षक भिंत चालू करण्याआधी एसएसएचला वाट ठेवावी, नाहीतर आपणच बाहेर राहू. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, म्हणून यूपीएस अवश्य घ्यावा. पेनड्राईव्ह न सांगता उपटू नये, कारण लिनक्स मजकूर काही काळ स्मृतीत धरून मग लिहिते.

दुसरी प्रत

आता मुख्य धडा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा जाणकारांचा नियम आहे. आपल्याला तो सोपा आहे. बेळगावची प्रत निपाणीस ठेवावी, निपाणीची बेळगावास. मासिक सभेला येताना डिस्कची अदलाबदल व्हावी.

प्रत काढण्यास 'आरसिंक' उत्तम, कारण तो बदललेलेच तेवढे नेतो. मात्र त्याला 'डिलीट'चा पर्याय दिला तर मूळ जागी चुकून पुसलेली फाईल प्रतीतूनही पुसली जाते. म्हणून तारखेवार वेगळ्या प्रती ठेवाव्या. दोन डिस्कांवर एकदम लिहिणारी 'रेड' योजना ही देखील प्रत नव्हे. चूक झाली तर ती दोहोंवर एकाच क्षणी होते. 'क्रॉन' हा घड्याळी नोकर ठरल्या वेळी काम करतो, पण त्या वेळी यंत्र बंद असेल तर तो दिवस सुटतो. रात्री बंद होणाऱ्या कार्यालयाने 'अ‍ॅनाक्रॉन' वापरावा. तो यंत्र चालू झाल्यावर राहिलेले काम उरकतो. आणि दर तीन महिन्यांनी प्रतीतून एक फाईल परत काढून उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत असल्याची केवळ समजूत असते.

देण्याची परंपरा

ग्रंथालयासाठी 'कोहा' ही मुक्त प्रणाली आहे. तिची हकीकत आपल्यासारख्यांनी ऐकण्याजोगी आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट या छोट्या न्यासाची जुनी प्रणाली २००० सालच्या उंबरठ्यावर निकामी होणार होती. त्याने १९९९ साली स्वतःसाठी नवी करवून घेतली, आणि ती तिजोरीत न ठेवता जगाला दिली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, जी घेणाऱ्याने आपल्या परीने फेडावयाची असते. आज जगभरची ग्रंथालये ती वापरतात. एका गावच्या न्यासाचे हे देणे! आपल्याकडे विहीर खोदणे, झाड लावणे याला सदका-ए-जारिया म्हणतात, म्हणजे देणारा गेला तरी वाहत राहणारे दान. मुक्त प्रणालींचे स्वरूप याहून निराळे नाही.

ती विहीर फुकट आहे म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही. पोहरा आपला, दोरही आपलाच. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून शिकलेल्या मुलामुलींनी महिन्यातला एक रविवार संस्थेच्या संगणकांस द्यावा, एखाद्या साधनाचे मराठी वा उर्दू भाषांतर सुधारावे, एवढे झाले तरी पुष्कळ. निदान एवढे तरी व्हावे, की कोणाही मातेला तोच दाखला घेऊन दुसऱ्यांदा आपल्या दारी यावे लागू नये.