वही, तिची बांधणी आणि तिचे मोल

हिशेबशास्त्रात ज्यास ‘जर्नल’ म्हणतात, त्यास आपल्या वाडवडिलांनी रोजकीर्द हे सुटसुटीत नाव दिले होते. योगायोग असा की, छोट्या कार्यशाळांतून हाताने बांधून विकल्या जाणाऱ्या कोऱ्या वह्यांनाही आजचा ग्राहक ‘जर्नल’ याच नावाने मागतो. एकीत दिवसाचा व्यवहार उतरवावयाचा, दुसरीत दिवसाचा विचार. नाव एक झाले ते बरेच झाले. कारण या दोन्ही वह्यांचे मर्म एकाच ठिकाणी, म्हणजे त्यांच्या शिवणीत आहे, असे आम्हांस वाटते. वहीचा हा नवा धंदा करू इच्छिणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी, आणि विशेषतः घरच्या माडीवर दोन टेबले मांडून तो सुरू करणाऱ्या भगिनींनी, कागदाच्या रंगरूपाआधी या शिवणीचा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

धार आणि देवास या पवारांच्या जुन्या राजधान्या. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. तथापि येथील मराठी माणूस कीर्द-खतावणी म्हणतो आणि त्याचा मालवी शेजारी रोकड-खाताबही म्हणतो, ही गंमत अजून जुन्या लोकांच्या बोलण्यात आढळते. वही मात्र दोघांची एकच: लांबट घाट, खारव्याचे लाल पांघरूण, जाड दोऱ्याची शिवण आणि गुंडाळून बांधावयास लांब दोरी. आत रेघा नसत. कागदास घड्या घालीत आणि त्या घड्यांच्या खुणांनाच रकान्यांचे काम देत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आता हिशेब संगणकावर गेला. दिवाळीस पूजनापुरती एक वही आणावी, पहिल्या पानावर श्री मांडावा, गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण करावे आणि वही कपाटात ठेवून द्यावी, असे पुष्कळ पेढ्यांवर चालते. ५ जुलै २०१९ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी अंदाजपत्रकाची कागदपत्रे चामडी पेटीऐवजी लाल वस्त्रात बांधून संसदेत नेली, तेव्हा देशभर त्या लाल बाडाचे कौतुक झाले. कौतुकाने वही बांधणाऱ्याची चूल पेटत नाही, हेही तितकेच खरे.

वहीच्या पूर्वजांविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण तो इतिहास आपल्या अंगणातला आहे. धारपासून जवळच असलेल्या मांडवगडावर इ. स. १४३९ मध्ये कल्पसूत्राची एक सचित्र प्रत तयार झाली. ती कागदावर आहे आणि आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या काळी माळव्यात महमूद खिलजीची सत्ता होती आणि सुलतानाच्या राजधानीत जैन श्रावक आपले ग्रंथ लिहवून घेत होते. परंतु ज्या गोष्टीकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो ती निराळी आहे. अशी पोथी शिवलेली नसते. तिची पाने सुटी. वर-खाली फळ्या, भोवती वस्त्र. वाचताना एक पान उचलावे, पालथे घालावे, पुढचे घ्यावे. पोथीच्या पानावरून कोणी कज्जा करीत नाही, म्हणून ते सुटे राहिले तरी चालते. व्यापाऱ्याच्या वहीची गोष्ट वेगळी. तिचे एक पान नाहीसे झाले तर कोणाचे तरी देणे नाहीसे होते. म्हणून धर्मग्रंथ सुटा आणि हिशेब मात्र शिवलेला, असा प्रकार आपल्याकडे दिसतो.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. कायद्यानेही वहीची ओळख बांधणीवरूनच ठरविली आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने, धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंदी पुराव्यात घेण्याजोग्या मानल्या. केवळ त्या नोंदींवरून मात्र कोणावर देणे लादता येत नाही, असेही त्याच कलमात म्हटले. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला आणि तोच नियम तेथे अठ्ठाविसाव्या कलमात आहे. आता ‘वही’ म्हणजे काय? १९१४ साली नागपूरच्या न्यायालयापुढे हा प्रश्न आला होता. वही म्हणजे पाने एकत्र जखडून झालेली एक अखंड वस्तू. सुट्या कागदांवर कितीही सलग हिशेब लिहिलेला असला तरी ती वही होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्यात त्याच जुन्या निर्णयाचा आधार घेतला. तारेच्या वेटोळ्याने जोडलेल्या वह्यांना न्यायालयाने वही मानले, धारिकेतील सुट्या कागदांना मानले नाही. तारेच्या वहीचे पान ओढून काढले तर मागमूस राहत नाही, हे आपण सारे जाणतो. तिला तो मान मिळाला हे तिचे भाग्य.

शिवलेल्या वहीत तसे का होत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. कागद मध्ये दुमडला की त्याची दोन पाने होतात. असे चार-पाच कागद एकात एक घालून घडी केली की एक जुज तयार होतो आणि दोरा त्या घडीच्या पोटातून जातो. आता जुजातले एक पान कोणी फाडले तर त्याचे जोडीदार पान, जे त्याच जुजाच्या दुसऱ्या अंगास असते, सैल पडून चुगली करते. दोन्ही पाने काढली तर त्या जागी दोरा ढिला पडतो. नवे पान घालावयाचे तर सारी पाठ उसवावी लागते. मुनिमाने शब्द न बोलता वही साक्ष देते ती अशी. रोजनिशी लिहिणाऱ्या ग्राहकासही नेमके हेच हवे असते, मग त्यास ते सांगता येवो वा न येवो. दहा वर्षांनी उघडली तरी पान गळू नये आणि टेबलावर ठेवली असता आपोआप मिटू नये, हे दोन गुण शिवणीतून येतात. नुसत्या गोंदाने पाठ चिकटविलेली वही देखणी असली तरी दोन उन्हाळ्यांत तडकते. तिला आम्ही वही म्हणणार नाही.

कृतीचा तपशील देतो. हातकागदाचा ताव बहुधा २२ इंच बाय ३० इंच असतो. त्याचे साडेसात इंच बाय ११ इंचाचे आठ तुकडे पडतात. प्रत्येक दुमडला की साडेपाच बाय साडेसात इंचाची दोन पाने होतात. म्हणजे एका तावात सोळा पाने. सहा तावांत शहाण्णव पानांची वही होते आणि चार-चार तुकड्यांचे बारा जुज पडतात. कागद चौरस मीटरला १०० ते १२० ग्रॅम वजनाचा असावा. त्याहून जाड घेतल्यास जुज फुगतो. यंत्राचा कागद वापरल्यास त्याच्या तंतूंची दिशा पाठीस समांतर हवी. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा, ज्या बाजूने सहज वाकेल ती दिशा. ती आडवी गेली की वही उघडताना कुरकुरते आणि पाने लाटांसारखी उठतात. हातकागदात ही अडचण फारशी नाही. तेथे शाईची परीक्षा घ्यावी. टाकाने एक ओळ लिहून पाहावी. शाई फुटली तर कागदास खळ कमी आहे. जुने कागदी खळ लावून गुळगुळीत दगडाने कागद घोटीत, तो याच कारणासाठी. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याने ही विद्या शतकानुशतके सांभाळली आणि पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० पासून तिला नवे वळण दिले. राजस्थानात सांगानेर हे या कागदाचे मोठे केंद्र आहे. माळव्यातल्या कार्यशाळेने यांपैकी कोठूनही ताव आणावा, पण प्रथम नमुना मागवून त्यावर लिहून पाहिल्याशिवाय गठ्ठा मागवू नये.

जुज रात्रभर शिकंज्यात ठेवावेत, घडीवर आरीने पाच भोके पाडावीत, दोन सुती पट्ट्यांवरून दोरा फिरवीत शिवावे आणि प्रत्येक जुजाच्या टोकाशी खालच्या जुजात गाठ अडकवावी. दोरा ताणावा तो पाठीच्या रेषेत. बाहेर ओढल्यास कागद फाटतो. पुठ्ठ्यावर कापड चढवावयाचे तर धार जिल्ह्यातल्या बागची छापील सुती वस्त्रे आपल्या हाताशी आहेत. २००८ साली भौगोलिक निर्देशन मिळालेला तो तांबडा आणि काळा रंग वहीस फार शोभतो. फक्त त्या कापडास आधी पातळ कागदाचे अस्तर द्यावे, नाहीतर खळ आरपार येऊन डाग पडतात. बाहेरचे कापड वाळताना आवळते आणि पुठ्ठा बाहेरच्या बाजूस वाकतो. आतून अस्तराचा कागद चिकटविला की तो उलट ओढून पुठ्ठा सरळ करतो. म्हणून तो कागद शोभेचा म्हणून वगळण्याजोगा नाही.

येथे आपल्या समाजास थांबून विचार करावा लागेल अशी एक बाब आहे. वहीबांधणीच्या परंपरागत सामानात हिंसा पावलोपावली दडलेली आहे. सरस जनावरांच्या कातड्याहाडांपासून निघतो. दोऱ्यास चोळावयाचे मेण मधमाश्यांचे. घडी दाबावयाची पट्टी हाडाची, पाठीवरची शोभेची किनार रेशमाची, पांघरूण चामड्याचे. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद कालवतात, ते कीटकांचे विषच. यांतली एकही वस्तू अटळ नाही. मैद्याची वा गव्हाच्या सत्त्वाची ताजी खळ कागदकामास उत्तम. मेणाऐवजी मेणबत्तीचे खनिज मेण चालते. पट्टी बांबूची करावी. किनार सुती दोऱ्याची विणावी. खळ पातळ लावून पूर्ण वाळविली आणि कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवले की मोरचुदाची गरज पडू नये. एकच सावधगिरी: काही कागदांत शाई फुटू नये म्हणून जिलेटिन घालतात, आणि तेही प्राणिजच. तेव्हा कागद करणाऱ्यास स्पष्ट विचारून लेखी उत्तर घेतल्यावाचून वहीवर ‘अहिंसक’ असा शिक्का मारू नये. तो शिक्का वाचून वही घेणारा ग्राहक चौकस असतो, आणि त्याचा विश्वास हे आपले भांडवल आहे.

आता मोलाकडे वळू. बहुतेक छोट्या कार्यशाळा बुडतात त्या येथेच. समजा, वर सांगितलेल्या वहीस सहा ताव १५० रुपयांचे लागले. पुठ्ठा, कापड, दोरा, खळ मिळून ६० रुपये. झाले २१०. नवखा कारागीर ३५० रुपये किंमत लावतो आणि १४० रुपये सुटले म्हणून समाधान मानतो. त्याने वाया जाणाऱ्या मालाचे २१ रुपये धरले नाहीत. जागा, वीज, सुया, खोके यांचे वहीमागे ४५ रुपये धरले नाहीत. उरले ७४. वहीस अडीच तास लागले असतील तर तासास तीस रुपयेही पडले नाहीत. आणि तीच वही एखाद्या दुकानात ठेवली व दुकानदाराने शेकडा ४० कापून घेतले, तर हाती येतात बरोबर २१०. म्हणजे कारागिराने फुकट श्रम करून वरचा खर्च पदरचा घातला. तासास ८० रुपये मजुरी धरली तर हीच वही ४७६ रुपयांस पडते. त्यावर ६४ रुपये नफा ठेवून दुकानात द्यावयाची झाल्यास किंमत ९०० ठेवणे भाग आहे. आकडे ज्याने त्याने आपले घालावेत, रीत हीच. घरच्या बाईचे श्रम ते श्रम नव्हेत, हा समज आपल्या खतावण्यांतून कधीच जमेस येत नाही, आणि म्हणूनच असे धंदे कागदावर फायद्यात व प्रत्यक्षात तोट्यात चालतात. घरातल्या कोणाच्याही नावे मजुरीचे खाते उघडावे आणि दर शनिवारी ती मजुरी खरोखर चुकती करावी. धंदा ती देऊ शकत नसेल तर ते महिन्याभरात कळेल; वर्षाने कळण्यात काय अर्थ?

नऊशेची वही घेणार कोण, असा प्रश्न येईल. रस्त्यावरचा गिऱ्हाईक घेणार नाही. मांडवगडास पावसाळ्यात व हिवाळ्यात येणारा प्रवासी घेईल, इंदूरचा वास्तुविशारद घेईल, तपाच्या पारण्याला प्रभावना म्हणून एखादे कुटुंब एकदम शंभर छोट्या वह्या मागेल. अशा मागणीस निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि नमुन्याच्या वहीवर ग्राहकाची सही घ्यावी. ओळखीच्या माणसाकडून तर अवश्य घ्यावी. कराचेही पाहावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या वह्यांवरचा वस्तू व सेवा कर शून्य झाला असला तरी हिशेबवह्या व रोजनिश्यांचे वर्गीकरण वेगळे आहे. आपली वही कोणत्या वर्गात पडते हे सल्लागारास वही दाखवूनच ठरवावे. नुसते नाव सांगून नव्हे.

कामाचा हंगामही ऋतूवर बेतावा लागतो. माळव्याच्या पावसात खळ वाळत नाही, अस्तरावर बुरशी धरते आणि पुठ्ठे वाकतात. पण शिवणीस ओलावा लागत नाही. तेव्हा आषाढापासून भाद्रपदापर्यंत फक्त जुज घालावेत व शिवून ठेवावेत. पाऊस ओसरून आश्विनातले कोरडे ऊन पडले की कापड आणि पुठ्ठे चढवावेत. प्रत्येक वही वजनाखाली चार दिवस राहिली पाहिजे, म्हणून दसऱ्यानंतर पूजनाच्या वह्यांची नवी मागणी स्वीकारू नये.